कंपनी बदलू, वायर टाकू की बॅटरी घेऊ? गोव्यातल्या घरात तुटणाऱ्या नेटचे उपाय, शेजारी शेजारी ठेवून

जून लागला की फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडण्याकडच्या ओळखीच्यांकडून एकच प्रश्न येऊ लागतो: "भाऊ, नेट सारखं तुटतंय. कंपनी बदलू का?" एका शब्दात उत्तर देणं कठीण, कारण नेट तुटण्याच्या जागा तीन आहेत. रस्त्यावरून घरात येणारी लाइन, घरातल्या भिंतींमधून फिरणारा वायफाय आणि या दोन्हींना चालवणारी वीज. प्रत्येक जागेचा उपाय वेगळा आणि खर्चही वेगळा. वायफाय कमजोर असताना कंपनी बदलली, तर बिल नवं येतं आणि त्रास जुनाच राहतो.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक तपासणी करा. नेट गेलं की लगेच राउटर बंद-चालू करू नका, कारण बिघाड कुठे आहे ते त्याच वेळी दिसतं. फोनचा मोबाइल डेटा बंद करा, वायफाय चालू ठेवा आणि ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरखालच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. राउटरचं पान झटकन उघडलं तर तुमच्यापासून राउटरपर्यंत सगळं ठीक आहे, बिघाड पुढे आहे. पान उघडायलाच वेळ लागत असेल तर दोष घरातल्या वायफायचा. लॅपटॉप असल्यास आणखी स्पष्ट कळतं. दोन खिडक्यांत दोन पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतंय का हे सतत विचारणारी आज्ञा) चालू ठेवा, एक राउटरला आणि दुसरा ८.८.८.८ या गुगलच्या सर्व्हरला. खंड फक्त दुसऱ्यात पडला तर बिघाड बाहेर, दोन्हींत एकदम पडला तर घरात. ८.८.८.८ उत्तर देतोय पण एकही साइट उघडत नाही, असं असेल तर नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडकलेली असते. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदलला की ते काम फुकटात होतं.

आणि राउटर बंद-चालू केल्यावर दर वेळी तासाभरापुरतं ठीक होत असेल, तर आधी त्याचा अडॅप्टर बदलून पाहा. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात. अडॅप्टर थकला की दाब खाली येतो आणि राउटर आपोआप परत सुरू होत राहतो. नवा घेताना व्होल्ट आणि पिनची दिशा तीच हवी, अँपिअर तितकेच किंवा जास्त चालतील. कौलांखालच्या माळ्यावर, मे महिन्याच्या उष्म्यात ठेवलेला राउटरही असाच वागतो. त्याला खाली हवेशीर जागी आणा.

बाहेरची लाइन: कुठली निवडावी

तपासणीत दोष बाहेरचा निघाला तरच कंपनी बदलण्याचा विचार करा, आणि तेव्हाही कंपनीच्या नावाआधी लाइनीचा प्रकार विचारा.

गोव्यात सध्या तीन प्रकार समोर येतात. पहिला, थेट घरापर्यंत येणारा फायबर, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेची बारीक तार. यातही दोन जाती आहेत आणि फरक कुणी आपणहून सांगत नाही. एका जातीत एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंत वाटेत विजेवर चालणारं काहीच नसतं. प्रकाश वाटणारे स्प्लिटर वीज मागत नाहीत. दुसऱ्या जातीत केबलवाल्याचा एक स्विच (लाइन अनेक घरांत वाटणारी, विजेवर चालणारी पेटी) वाड्यावर, म्हणजे वस्तीत, कुणाच्या तरी पडवीत किंवा खांबावरच्या पेटीत असतो आणि तिथून वायर तुमच्या घरी येते. त्या पडवीतली वीज गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही नेट बंद. केबलवाल्याला सरळ विचारा: "मधे करंटवर चालणारी पेटी आहे का? तिला बॅटरी आहे का?" माझ्या मते गोव्यात जोडणी निवडताना हा प्रश्न वेगाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

फायबरचं दुखणं म्हणजे तो माडांमधून, खांबाखांबांवरून लोंबत येतो. वाऱ्यात चुडत (माडाची झावळी) पडलं की तुटतो, रस्त्याकडेला चर खणताना कापला जातो. मग घरातल्या फायबरच्या पेटीवर एलओएस (सिग्नल येत नाही) नावाचा लाल दिवा लुकलुकतो. असा दिवा दिसला की घरात काहीही करू नका, तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. दिवे सगळे हिरवे असून पावसात नेट अडखळत असेल, तर येणाऱ्या माणसाला प्रकाशाची पातळी मोजून आकडा दाखवायला सांगा. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप) दरम्यान असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या पलीकडे गेला की जोडणी डळमळते. आकडा लिहून ठेवा. पुढच्या तक्रारीत "नेट स्लो आहे" म्हणण्यापेक्षा "मार्चमध्ये उणे २१ होतं, आज उणे २८ आहे" म्हटलं की जोड दुरुस्त करायला माणूस शिडी घेऊन येतो. कपाटामागे किंवा खिडकीच्या फटीत फायबर घट्ट दुमडला गेला तरी प्रकाश गळतो, तेवढं स्वतः पाहायला हरकत नाही. मात्र फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. त्यातला लेसर दिसत नाही, पण असतो.

दुसरा प्रकार म्हणजे छपरावर पेटी लावून ५-जीवर येणारी जोडणी. भारतात मोठ्या कंपन्यांनी ती २०२३ पासून द्यायला सुरुवात केली. हिला चुडताची भीती नाही, चर खणणाऱ्यांचीही नाही. कुळागरात (पोफळीच्या बागेत) आत वसलेल्या घराला, जिथे फायबर टाकायला कुणी तयार नाही, तिथे ही खरी सोय आहे. पण त्याच कुळागरातली ओली, दाट झाडं टॉवर आणि पेटीच्या मधे आली की सिग्नल घसरतो. शिवाय टॉवरची क्षमता आजूबाजूचे सगळे वाटून घेतात. कळंगुट-बागा पट्ट्यात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याच टॉवरवर किती फोन येतात याचा विचार करा. मासिक डेटा-मर्यादाही फायबरपेक्षा साधारणपणे कमी असते. घेण्याआधी त्या कंपनीचं सिम असलेला ५-जी फोन छपराच्या उंचीवर नेऊन रात्री ९ वाजता वेग मोजा, एकदा कोरड्या दिवशी आणि एकदा पावसात. दोन्ही वेळा समाधान झालं तरच पैसे भरा.

तिसरा प्रकार जुन्या तांब्याच्या टेलिफोन तारेवरचा. पावसात जोडांत पाणी शिरतं, फोनवर खरखर ऐकू येते आणि नेटही तुटतं. फायबर मिळत असेल तर तांब्यावर पैसे घालू नयेत.

चिऱ्याची भिंत

तपासणीत दोष घरातला निघाला, तर कंपनी बदलून काहीच होणार नाही. आपल्याकडे हेच जास्त आढळतं, आणि त्याचं कारण आपली घरं.

चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत जाड असते. जुन्या घरात दीड-दोन फुटांचीही सापडते, आणि पावसाळ्यात ती ओल धरते. पाणी वायफायचा सिग्नल शोषतं. म्हणून एप्रिलमध्ये मागच्या खोलीत नीट चालणारा व्हिडिओ कॉल जुलैमध्ये अडकतो आणि घरातले सगळे कंपनीला दोष देतात. त्यातून केबलवाला राउटर लावतो बलकांवाजवळच्या (घरापुढच्या बैठकीच्या ओट्याजवळच्या) पहिल्या खिडकीशी, कारण त्याची वायर तिथेच आत येते. अर्धा सिग्नल अंगणात जातो.

पहिला उपाय बिनपैशाचा: राउटर घराच्या मध्याकडे, उंचावर, लोखंडी कपाट आणि फ्रिजपासून दूर हलवा. दुसरा, वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांना राउटरच्या सेटिंगमध्ये वेगळी नावं द्या. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण चिऱ्यापुढे लवकर थकतो. २.४ लांब पोचतो, पण शेजाऱ्यांची गर्दी तिथेच असते आणि मायक्रोवेव्ह चालू झाला की तोही त्रास देतो. राउटरच्याच खोलीतला टीव्ही ५ वर, मागच्या खोलीतला फोन २.४ वर. २.४ साठी वाहिनी (चॅनेल) १, ६ किंवा ११ यांपैकी जी मोकळी असेल ती निवडा. पणजी-मडगावच्या फ्लॅटमध्ये या वाहिनी-बदलाचा फायदा जास्त होतो. गावातल्या सुट्या घरात शेजारीच लांब असतो, तिथे फारसा नाही.

एवढं करूनही मागच्या खोलीत नेट पोचलंच नाही, तर पैशाचा प्रश्न येतो: एक्स्टेंडर, मेश की वायर? एक्स्टेंडर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारी पेटी, सर्वांत स्वस्त. तो ज्या वाहिनीवर ऐकतो त्याच वाहिनीवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. व्हॉट्सअॅपपुरतं चालेल, ऑनलाइन परीक्षेसाठी घेऊ नये. मेश, म्हणजे मिळून एकच वायफाय देणाऱ्या दोन-तीन पेट्या, महाग, पण घरभर फिरताना फोन आपोआप जवळच्या पेटीवर जातो. मात्र दोन पेट्यांच्या मधे दोन चिऱ्याच्या भिंती आल्या तर मेशही लंगडते. दुसरी पेटी सिग्नल संपतो तिथे ठेवून उपयोग नाही, तो अजून चांगला आहे तिथे ठेवावी लागते.

माझं स्पष्ट मत वायरच्या बाजूने आहे. राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत एक कॅट-६ (नेटची तांब्याची) वायर आणि तिथे एक साधा दुसरा राउटर, अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरने आलेलं नेट फक्त वायफायने पसरवण्यासाठी लावलेला. वायर १०० मीटरपर्यंत पूर्ण वेग देते आणि भिंत ओली की कोरडी हे तिला कळतही नाही. चिऱ्याला भोक पाडायला नको असेल तर वळचणीखालून बाहेरून फिरवा, पण मग ऊन-पाऊस सोसणारं आवरण असलेली वायर मागा. दुकानदाराला "शुद्ध तांब्याची" असंच सांगा. स्वस्तातल्या वायरीत अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. लावल्यावर लॅपटॉपवर जोडणीचा वेग पाहा. १००० ऐवजी १०० दिसला तर आतल्या चारांपैकी एखादी जोडी नीट बसलेली नाही. मुख्य घरातून अंगणापलीकडच्या दुसऱ्या घरात नेट न्यायचं असेल तर मात्र तांबं टाळा आणि फायबर टाका, कारण मे आणि ऑक्टोबरातल्या विजांचा झटका तांब्यातून दोन्ही राउटरपर्यंत पोचू शकतो.

वीज

यावर फार लिहायला नको. राउटर आणि फायबरची पेटी दोन्हींना चालेल असा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस (वीज गेल्यावर लगेच पुरवठा देणारी बॅटरीची पेटी) घ्या. राउटर वीज फार कमी खातो, त्यामुळे बॅटरी काही तास टिकते. विकत घेताना पेटीचे अँपिअर वाचून न्या. मोठा इन्व्हर्टर आधीच असेल तरी वीज गेल्यावर काही राउटर त्या बदलाच्या क्षणी बंद पडून परत सुरू होतात. तुमचा पडत असेल तर छोटा यूपीएस तिथेही उपयोगी.

कुणी काय करावं

घरून नोकरी करणाऱ्याने वीज न मागणारा फायबर, कामाच्या टेबलापर्यंत वायर आणि छोटा यूपीएस एवढं आधी करावं. मुलं परदेशात आणि घरी फक्त आई-वडील, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल, अशा घरी वेगवान योजना घेऊन देण्यापेक्षा ते बसतात त्या खोलीत अॅक्सेस पॉइंट लावून द्या. ४० एमबीपीएससुद्धा कॉलला भरपूर आहे. चवथीला (गणेश चतुर्थीला) घर भरतं तेव्हा तक्रार येते ती बहुधा अपलोडची, कारण सगळे एकाच वेळी फोटो पाठवत असतात. योजना निवडताना अपलोडचा आकडा वेगळा विचारा.

पाहुण्यांना खोल्या देणाऱ्यांनी किंवा एक दिवसही नेट बंद परवडत नसणाऱ्यांनी दोन जोडण्या ठेवाव्यात. पण दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत असतील तर एकाच फांदीने दोन्ही जातील. एक फायबर ठेवा आणि दुसरी छपरावरची ५-जी, तीही दुसऱ्या कंपनीची.