कच्च्या व्हीगन जेवणाचा बेत: नागपुरात भाजी कोणत्या बाजारातून घ्यावी?

चुलीवर काहीही न चढवता, दूध-दही-तूप-मध वर्ज्य करून, सहा ते दहा जणांच्या मित्रमंडळीने एका सकाळी एकत्र जेवायचे ठरवले, तर त्या बेतातला पहिला प्रश्न पाककृतीचा नसून बाजाराचा असतो. भाजी शिजवली की बरेचसे जंतू मरतात आणि शिळेपणही मसाल्यात झाकले जाते. कच्च्या ताटात मात्र पिशवीतून जे आले तेच, धुऊन आणि चिरून, पानात पडते. म्हणून शेतकरी आठवडी बाजार, भाजीपाल्याचा ठोक बाजार असलेले कॉटन मार्केट, वस्त्यांमधले वारांचे बाजार आणि गोकुळपेठेतला बाजार यांची येथे केवळ याच कामाच्या दृष्टीने तुलना केली आहे. स्वस्ताई हा त्यातला एक निकष आहे, परंतु तो पहिला नाही.

ताटात काय बसते, काय बसत नाही

कच्च्या आहाराचे पुरस्कर्ते अन्न सुमारे ४२ ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापवू नये असे मानतात आणि ही मर्यादा गटागणिक थोडी बदलते. मे महिन्यात नागपूरचा पारा स्वतःच ४५ अंशांच्या पुढे जात असल्यामुळे गच्चीवर वाळवलेली काकडीची चकतीदेखील या नियमाच्या काठावरच येते, हा विनोद नागपूरकरांनाच करता येईल.

नियम काटेकोर पाळायचा ठरवला तर आपल्याला कच्चे वाटणारे बरेच पदार्थ गळतात. गूळ हा उसाचा रस आटवून केलेला असतो. पोहे करताना भात भिजवून भाजलेला असतो, त्यामुळे दडपे पोहेसुद्धा बाद होतात. कोशिंबिरीतले दाण्याचे कूट भाजलेल्या शेंगदाण्यांचे असते, आणि बाजारात ‘कच्चे’ म्हणून मिळणारे काजूही बहुधा टरफल फोडण्याआधी वाफवलेले किंवा भाजलेले असतात. दुसरीकडे, मेथी किंवा कांद्याची पात बारीक चिरून तिला तेल, मीठ, तिखट आणि कूट लावून केलेला घोळाणा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला जातो. त्यातले भाजलेले कूट काढून भिजवलेले, वाटलेले शेंगदाणे घातले की तो या ताटात जसाच्या तसा बसतो. दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले आणि बुरशीचा वास येणारे मात्र निर्दयपणे फेकून द्यावेत, कारण अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष धुऊन जात नाही.

मंडळी पहिल्यांदाच जमत असेल तर व्हीगनपणा काटेकोर ठेवावा आणि कच्चेपणात थोडी सूट द्यावी, असे माझे मत आहे. दही-तुपाचा प्रश्न तत्त्वाचा असतो. एखाद्या पाहुण्याने केवळ तत्त्वापोटी ते सोडलेले असेल, तर त्याच्यासमोर दह्याची कोशिंबीर ठेवणे अप्रस्तुत ठरते. भाजलेल्या दाण्यांमुळे मात्र कोणाचेच मन दुखावत नाही. पाकीटबंद वस्तू घेताना अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२२ च्या व्हीगन खाद्यपदार्थविषयक नियमांनुसार छापलेले हिरवे चिन्ह पाहता येते, पण या ताटात पाकिटांचे काम मुळातच कमी आहे.

शेतकरी बाजार आणि कॉटन मार्केट

खरी निवड या दोहोंमध्येच आहे. फळे आणि भाजीपाला २०१६ साली बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि त्याच वर्षी राज्य कृषी पणन मंडळाचे संत शिरोमणी श्री सावता माळी शेतकरी आठवडी बाजार अभियान सुरू झाले. तेव्हापासून शेतकऱ्याने किंवा शेतकरी गटाने शहरात थेट ग्राहकाला माल विकण्याची वाट मोकळी झाली. याखेरीज सेंद्रिय व नैसर्गिक शेती करणाऱ्यांच्या गटांचे छोटे बाजार शहरात भरतात, आणि देशी बियाणे व विषमुक्त अन्न यांना वाहिलेला बीजोत्सव तर नागपूरची ओळखच झाला आहे. अशा बाजारांचे वार आणि जागा बदलत राहतात, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करून घेणे बरे.

येथे एक घोटाळा हमखास होतो. माल थेट शेतकऱ्याकडून आला म्हणजे तो बिनफवारणीचा आहे असे आपण गृहीत धरतो, परंतु या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. शेतकरी बाजारातली पालकाची जुडी आदल्या दिवशीच फवारलेली असू शकते. तसेच कॉटन मार्केटच्या ढिगात पडलेली एखादी जुडी फवारणी कधीच न पाहिलेली असू शकते, पण तिथे ती ओळखायची कशी? शेतकरी बाजाराचा खरा फायदा नेमका इथे आहे, कारण ज्याने पेरले तोच समोर बसलेला असल्यामुळे त्याला विचारता येते. ‘सेंद्रिय आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर सगळीकडे ‘होय’ असेच येते, म्हणून तो विचारूच नये. ‘शेवटची फवारणी केव्हा आणि कशाची केली?’, ‘पाणी विहिरीचे की नाल्याचे?’, ‘ही जुडी काल संध्याकाळी उपटली की आज पहाटे?’ असे प्रश्न विचारावेत. प्रत्येक कीटकनाशकासाठी फवारणी आणि तोडणी यांच्यामध्ये काही दिवसांचे अंतर ठेवावे लागते. हे अंतर जो शेतकरी न अडखळता सांगतो, त्याच्याकडून पालेभाजी घ्यावी. माल सेंद्रिय असल्याचा कागदी पुरावा हवा असल्यास शेतकऱ्यांच्या गटांनी परस्परांच्या शेतांची तपासणी करून दिलेले पीजीएस प्रमाणपत्र किंवा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली त्रयस्थ संस्थेने दिलेले एनपीओपी प्रमाणपत्र पाहायला मागावे. त्यातले पहिले छोट्या शेतकऱ्याला परवडण्याजोगे असल्याने या बाजारांत तेच अधिक दिसण्याची शक्यता असते.

पाण्याचा प्रश्न फवारणीपेक्षाही महत्त्वाचा आहे, आणि त्याची चर्चा मात्र फारच थोडी होते. शहरालगत सांडपाण्यावर वाढवलेल्या पालेभाजीवर जंतू आणि कृमींची अंडी असू शकतात. फीतकृमीची अंडी पोटात गेल्यास त्यांच्यापासून मेंदूत गाठी होण्यापर्यंत मजल जाते, आणि या अंड्यांना शिजवण्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही. त्यामुळे कच्चे खायच्या पानांच्या बाबतीत पाण्याचा उगम ठाऊक असणे ही चैन नसून किमान अट आहे, आणि या दोहोंपैकी ती केवळ शेतकरी बाजारातच पूर्ण होऊ शकते. मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर), मुळ्याचा पाला आणि कांद्याची पात यांच्यासाठी माझा कौल निःसंशय त्या बाजारालाच आहे, भाव जास्त पडला तरीही.

म्हणून कॉटन मार्केट कमी दर्जाचे ठरते असे मुळीच नाही. भल्या पहाटेपासून तिथे जो माल उतरतो त्यात सावनेर, कळमेश्वर भागातला भाजीपाला असतो आणि हंगामानुसार छिंदवाड्याकडचा व त्याहून लांबचाही असतो. उलाढाल इतकी मोठी असते की माल पडून राहत नाही. अडत्याला शेताची माहिती नसते आणि चिल्लर घेणाऱ्यापाशी थांबायला त्याला वेळही नसतो. ढीग जमिनीवर असतात आणि ताजेपणा टिकावा म्हणून त्यावर शिंपडलेले पाणी कोठले, हे कोणी सांगू शकत नाही. परंतु ज्या वस्तूंची साल काढून टाकायची आहे त्यांच्या बाबतीत या सगळ्याने फारसे बिघडत नाही. केळी, पपई, डाळिंब, नारळ, लिंबू, कांदा, गाजर, बीट आणि काकडी दहा जणांना पुरतील इतकी घ्यायची असतील, तर कॉटन मार्केटइतका भाव व निवड शेतकरी बाजारात मिळत नाही. एक अट मात्र पाळावी. आधी फळ धुवावे आणि मगच सोलावे, नाहीतर सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच की मंडळीतल्या दोघांनी कॉटन मार्केटला जावे, उरलेल्यांनी शेतकरी बाजार गाठावा. दोन्ही ठिकाणी सगळ्यांनी मिळून जाण्यात गंमत असली तरी कॉटन मार्केटच्या गर्दीत आठ जणांचे घोळके करून फिरणे कोणालाच सोयीचे नसते. शेतकरी बाजारात मात्र खरेदी आटोपून त्या दोघांनीही यावे, कारण तिथल्या गप्पा हा बेताचाच भाग असतो. तरोट्याची रानभाजी कशी ओळखायची, चिवळीची भाजी कधी येते, कोणते वाण गोड लागते, हे तिथे ऐकायला मिळते.

बाकीचे बाजार

सक्करदऱ्याचा आणि महालातला बुधवारचा बाजार, सदरमधला मंगळवारी बाजार हे या दोहोंच्या मधले आहेत. विक्रेत्यांपैकी काही जण शेतातून थेट आलेले असतात, तर बरेच जण पहाटे ठोक बाजारातूनच माल उचलतात. बोरे, आवळे, कवठे, शिंगाडे असा रानमेवा आणि तळ्यातला मेवा मात्र येथे चांगला मिळतो. ताजे शिंगाडे या जेवणात अप्रतिम लागतात, पण त्यांची साल दाताने सोलायची सवय सोडावी. तळ्यातल्या पाण्यावाटे सालीवर आतड्यातल्या कृमीचे बीज असू शकते, म्हणून ते धुऊन सुरीनेच सोलावेत.

गोकुळपेठेत माल निवडलेला, मांडणी नेटकी आणि भाव चढा असतो. रंगीत ढोबळी मिरची, लेट्यूस किंवा ॲव्होकॅडो हवेच असतील तर तिकडे जावे. एरवी या ताटासाठी त्यांची गरज नाही. कळमन्याच्या ठोक बाजारात तर संत्र्यांचा सौदाच मोठा असतो, त्यामुळे दोन डझन संत्र्यांसाठी तिकडे जाणे म्हणजे उगाच पायपीट होय.

घरी की शेतावर

हुरडा, रोडगे, वनभोजन यांची सवय असलेल्या मंडळींना शेतावर जमण्याची कल्पना लगेच भावते. जिथून मेथी उपटली तिथेच तिचा घोळाणा करण्यात ताजेपणाची परिसीमा आहे यात शंका नाही. पण हुरडा भाजला जातो, रोडगे निखाऱ्यात पडतात, आणि त्या विस्तवामुळेच शेतावरच्या पाण्याची आपण फारशी काळजी करत नाही. कच्च्या जेवणाला त्याउलट वाहते पिण्यायोग्य पाणी भरपूर लागते. पालेभाजीचे प्रत्येक पान वेगळे करून धारेखाली धुवायचे, मग दुकानात मिळणाऱ्या भाजी धुण्याच्या द्रावणात पाकिटावर लिहिल्याप्रमाणे भिजवायचे आणि पुन्हा स्वच्छ पाण्याने खळबळायचे, हे काम कॅनच्या पाण्यावर होत नाही. नुसत्या मीठ-हळदीच्या पाण्यावर विसंबण्यात अर्थ नाही, कारण त्याने माती आणि किडे सुटतात, जंतूंची खात्री देता येत नाही. शिवाय झाडाच्या आत भिनलेले कीटकनाशक कोणत्याच धुण्याने जात नाही, म्हणून वरचे प्रश्न बाजारातच विचारायचे असतात. या कारणाने मी घराच्या बाजूने आहे. शेतावर जायचेच असेल तर तोडणी तिथे करून जेवण घरी करावे.

तयार जेवण मागवण्याचा पर्याय मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. चिरून ठेवलेले कच्चे अन्न वाटेत किती वेळ आणि किती तापमानात राहिले हे कळत नसेल, तर त्यात सोयीपेक्षा धोका जास्त आहे.

ताटात पोट भरणारे काही असावे, ही गोष्ट नवखे लोक विसरतात. पाने आणि काकड्यांवर दहा जणांचे भागत नाही, आणि तासाभरात सगळे तर्री पोह्यांच्या गाडीवर सापडण्याची शक्यता आहे. हरभऱ्याचे सोले, तुरीचे ओले दाणे, ओले खोबरे, भिजवलेले शेंगदाणे व तीळ, केळी आणि खजूर-चारोळीचे लाडू हे या जेवणाचे खरे आधार होत. मात्र प्रत्येक शेंग कच्ची खाण्याजोगी नसते. वालाच्या शेंगा आणि राजमा कच्चा खाऊ नये. त्यांतली विषारी द्रव्ये नीट शिजवल्यावरच निष्प्रभ होतात. मोड आलेली कडधान्ये घरीच, थंडीच्या दिवसांत करावीत आणि त्याच दिवशी संपवावीत, कारण मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते.

कोणत्या महिन्यात

डिसेंबर ते फेब्रुवारी, यात दुमत होण्यासारखे काही नाही. पालेभाज्या, मुळा, गाजर, सोले, पेरू, आवळे आणि ओली हळद या एकाच काळात येतात. वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद भौगोलिक मानांकन मिळालेली आहे, आणि तिचा ताजा कंद बाजारात दिसला तर तो किसून लिंबू-मिठात टाकावा. नागपुरी संत्र्याला हे मानांकन २०१४ पासून आहे. त्याचा आंबिया बहार वर्षाच्या अखेरीस आणि मृग बहार फेब्रुवारीपासून येतो, त्यामुळे जानेवारीच्या मध्याला चांगले संत्रे कमी दिसले तर नवल वाटू नये. पावसाळ्यात तरोटा, कुरडू यांसारख्या रानभाज्या मोहात पाडतात, पण चिखल, गढूळ पाणी आणि किडी यांमुळे तो काळ त्या शिजवून खाण्याचा आहे. एप्रिल-मे मध्ये टरबूज, खरबूज, आंबा आणि काकडी यांवर फळांचे जेवण होऊ शकते, मात्र त्या उन्हाळ्यात चिरलेले फळ एका तासापेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये.

ज्या घरात गर्भवती, लहान मूल, फार वयस्क माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण आहे, तिथे त्यांच्यासाठी मोड व पालेभाजी वाफवून वेगळी काढावी. मुतखड्याचा त्रास असलेल्याने कच्च्या पालकाचा पेला टाळावा. एखाद्या सकाळपुरते असे जेवण कोणालाही जीवनसत्त्वांच्या कमतरतेत ढकलत नाही. परंतु मंडळीतल्या कोणी हाच आहार रोजचा करायचे ठरवले, तर बी-१२ जीवनसत्त्व पूरक गोळ्यांतून घ्यावेच लागेल आणि त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. भाजी कितीही ताजी आणि शेतकरी कितीही प्रामाणिक असला तरी पानांतून ते मिळत नाही.