नाशकात राहून इतिहासात पीएच.डी.: वीस महिन्यांनंतर

पेटचा, म्हणजे पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला तेव्हापासून ऐकतेय, "नाशकात कशाला, सरळ पुण्याला जा." विषय काय आहे ते मात्र कोणी विचारत नाही. माझा विषय पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंचे विधी करणाऱ्या पुरोहितांच्या नामावळी, म्हणजे यात्रेकरूंच्या नोंदवह्या.

त्या घराघरांत आहेत. पहिल्या घरी काकांनी चार खेपा नुसता चहा पाजला. पाचव्या खेपेला लाल फडक्यात बांधलेली वही काढली, मोबाईल बाजूला ठेवायला लावला आणि म्हणाले, "पेन्सिलीनं उतरवून घ्या, ताई. फोटो नाही. यजमान आमचे आहेत." एकेका नोंदीत गाव, आजा, बाप, भाऊ, बरोबर कोण आलं, सगळं. मोडीचा वर्ग केला होता, पण तिथली अक्षरं सुबक. इथे शब्द एकमेकांना चिकटलेले आणि ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. 'प॥' म्हणजे परगणे हे कळेपर्यंत आठवडाभर मी त्याला पंडित समजत होते! पुण्याहून रोज येऊन कोण एवढ्या खेपा घालणार?

आता संशोधन केंद्र. मार्गदर्शक मॅडम चांगल्या आहेत, विद्यार्थी मोजकेच असल्याने प्रकरणाचा कच्चा मसुदा ओळ न् ओळ वाचतात. बाकी कारभार रामभरोसे. नियमाप्रमाणे सल्लागार समितीसमोर दर सहामाहीला प्रगती मांडायची. माझी दुसरी बैठक दोनदा पुढे गेली, तीही आदल्या संध्याकाळी कळवून. मी तासिका तत्त्वावर शिकवते, बुडालेल्या तासांचे पैसे कोण देणार? केंद्राच्या ग्रंथालयात इतिहासाचं एक कपाट, त्यातही निम्मी गाइडं. 1840 सालचं आपलं सार्वजनिक वाचनालय नसतं तर अवघड होतं.

जुनी सरकारी कागदपत्रं बघायला मुंबईच्या पुराभिलेखागारात जायचं तर सकाळची पंचवटी एक्स्प्रेस सोयीची. ते काळा घोडा भागात आहे, सीएसएमटीहून चालत गाठता येतं. फक्त केंद्राचं पत्र आधी काढून ठेवा. मला तीन ओळींच्या पत्राला सतरा दिवस लागले, सही करणारे रजेवर.

पेशवे दफ्तरावर काम करायचं असेल तर खरंच पुण्याला जा. लेणी, घाट, काळाराम मंदिराचा 1930 चा सत्याग्रह असे विषय असतील तर इथेच थांबा. किमान 3 आणि कमाल 6 वर्षांची मुदत असते. मी साडेचार धरून चाललेय.

सध्या दुसऱ्या घरी जाते. तिथे अजून चहाच चालू आहे.