गिझर नवा, वायर जुनी: आमच्या वायरमन मामांचं काम

आधी स्टार सांगून टाकते. गिझरला साडेतीन, तो बसवायला आलेल्या कंपनीच्या मुलाला एक, आणि वायरमन मामांना साडेचार. अर्धा का कापला ते शेवटी.

कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या आठ मुली माझ्याकडे वरच्या मजल्यावर राहतात. परभणी म्हटलं की लोकांना ऊनच आठवतं, पण २०१८ च्या डिसेंबरात इथं विद्यापीठात २ अंशांची नोंद झाली होती. पहाटे पाणी गार असलं की मुली बादली घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात. दोन्ही बाथरूमला मिळून एकच ५० लिटरचा गिझर होता. बोअरच्या पाण्यानं त्याची टाकी पार खाल्ली, दिवाळीनंतर गळायलाच लागला. खोलला तर कॉइल दिसेना, नुसता पांढरा खडक.

नवाही ५० लिटरचाच घेतला. फरक एवढाच की जुना २००० वॅटचा होता आणि हा ३००० चा. "लवकर तापतंय मावशी," दुकानदार म्हणाला. तापतंय खरं. टाकीभर गार पाणी पाऊण-एक तासात कढत होतं, जुन्याला सव्वा तास लागायचा. पण जो करंट आधी पावणेनऊ अँपिअर होता तो आता १३ झाला, हे ना त्यानं सांगितलं, ना माझ्या डोक्यात आलं.

कंपनीच्या मुलानं गिझर टांगला, पाईप जोडले, जुन्याच सॉकेटात प्लग खुपसला, फोटो काढला, ओटीपी घेतला आणि गेला. वायरचं विचारलं तर "ते आमच्यात येत नाही मॅडम." तिसऱ्या दिवशी वर जळका वास. प्लग ओढला तर पिनेचा चटका बसला, सॉकेटचं एक भोक तपकिरी पडलेलं.

मग मामांना फोन. सकाळी येतो म्हणाले, आले दुपारी तीनला. ही त्यांची सवय, आता मी बोलायचं सोडलंय. आल्या आल्या बटण बंद केलं आणि सॉकेटात टेस्टर घातला. टेस्टर पेटला! मामा माझ्याकडं बघायले, मी मामांकडं. बटण फेजवर, म्हणजे करंट येणाऱ्या वायरवर नव्हतंच, परतीच्या न्यूट्रलवर होतं. म्हणजे घर बांधल्यापासून आम्ही "गिझर बंद केलाय" म्हणून निवांत आंघोळी करत होतो आणि आत फेज जिवंत.

"मावशी, देवाला नारळ फोडा," म्हणाले आणि खाली अर्थिंगकडं गेले. टेस्ट लॅम्पचं एक टोक फेजला, दुसरं अर्थिंगला. शंभरचा बल्ब, पण उजेड उदबत्तीएवढा, म्हणजे अर्थिंग नावालाच. मीठ-कोळशाचा आमचा जुना खड्डा, वरून फरशी घातलेली, त्याला कित्येक वर्षांत थेंब पाणी नाही. मामांनी फरशीचा तुकडा काढला, दोन बादल्या ओतल्या, चहा घेतला, परत लावला. बल्ब चांगलाच उजळला. मी जे पैसे देते ते अशा गोष्टींचे.

भिंतीतली जुनी वायर दीड चौरस मिलिमीटरची, म्हणजे बारीक निघाली. मामांनी तिलाच नवी बांधून ओढली. मीटरच्या बोर्डापासून वरपर्यंत लांब पडतं म्हणून अडीचऐवजी चारची, अर्थिंगची हिरवी वेगळी. गिझरला जास्त करंट झाला की पडणारा स्वतंत्र २० अँपिअरचा एमसीबी, करंट कुठं गळाला की पडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, आणि बाथरूमच्या बाहेर फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डीपी स्विच. प्लग काढूनच टाकला, वायर थेट जोडली.

संध्याकाळी सगळं चालू करून गेले आणि सातला गंमत झाली. गिझर बंद, एका मुलीनं एक्झॉस्ट फॅन लावला की खाली आरसीसीबी खट्. वर उचलली, परत फॅन, परत खट्. मला वाटलं वस्तूच खराब. दुसऱ्या दिवशी मामांनी बोर्ड उघडला आणि आधी हाताखालच्या पोराला दोन शब्द सुनावले. जुन्या बोर्डात फॅनचा न्यूट्रल गिझरच्या न्यूट्रलला जोडलेला होता, पोरानं तो जसा होता तसाच नव्या वायरीवर चढवला. "फॅनचा करंट जातो दुसऱ्या वाटंनं आन् येतो हिच्यातून. हिशोब जुळना की ही पडणारच," मामा म्हणाले. मी महिन्याचा किराणा लिहिते, मला ते लगेच पटलं. न्यूट्रल वेगळा केला, तेव्हापासून एकदाही पडली नाही.

सामान धरून साडेनऊ हजार झाले, त्यात मजुरी अठराशे. महाग आहे, चारच्या वायरीनंच निम्म्याहून जास्त खाल्ले. पण प्रत्येक वस्तूचं बिल दिलं आणि उरलेली वायर न मागता ठेवून गेले.

गिझरबद्दल थोडकं. पाणी चांगलं तापतं, आवाज नाही, पण तापमानाचं बटण खालच्या अंगाला दिलंय, स्टुलावर चढून मान वाकडी करावी लागते. आणि आमच्या पाण्याला टाकी गंजू नये म्हणून आत असलेला अॅनोड रॉड वर्षाला बघावा लागतो, हे दुकानात कुणी बोललं नाही, मामांनीच सांगितलं.

आता तो अर्धा स्टार. वायर ओढताना जिन्यात दोन ठिकाणी भिंत फोडली. "प्लास्टर करून देतो" म्हणाले त्याला महिना झाला. एका भोकात मुलींनी मोबाईल चार्जिंगला ठेवायची जागा केलीय.