दोन राउटर जोडून देणारा ‘कस्टमर केअर’ आणि माझे ८६,२९७ रुपये

फसवणुकीत गेलेल्या पैशांचे आकडे आधी लिहितो, कारण बँकेत, पोलीस ठाण्यात आणि घरात सगळ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. १,४९९ यूपीआयने. मग डेबिट कार्डातून ४९,९९९, २४,९९९ आणि ९,८००. एकूण ८६,२९७ रुपये. दुसरा प्रश्नही सगळ्यांचा एकच. “अहो, पण तुम्ही ओटीपी दिलातच कसा?” मी ओटीपी दिला नाही. हे वाक्य इतक्या लोकांना ऐकवलंय की आता समोरचा ते ऐकण्याआधीच मान हलवतो. तरी पुन्हा लिहितो: मी कोणालाही ओटीपी सांगितला नाही.

काम अगदी साधं होतं. आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही, घरात एक जुना राउटर पडून होता, तो दुसरा म्हणून जोडायचा. हॉलमधल्या राउटरपासून आतपर्यंत केबल ओढली, जुन्या राउटरच्या निळ्या पोर्टात लावली. फोनवर वायफाय दिसायचं, जोडलं जायचं, आणि खाली ओळ यायची, ‘इंटरनेट उपलब्ध नाही’. दोन्ही राउटरचा नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.१.१ होता, म्हणून दोघे एकमेकांच्या पायात पाय घालत होते. हे मला आज कळतंय. तेव्हा मी जे कोणीही करेल तेच केलं. राउटरच्या कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ असं सर्च केलं. सगळ्यात वर जो नंबर आला, १८०० ने सुरू होणारा, त्यावर फोन लावला. वर बारीक अक्षरात ‘जाहिरात’ लिहिलेलं होतं म्हणे. साइटवर कंपनीचा लोगो होता, राउटरचे फोटो होते, खाली ‘वॉरंटी’ आणि ‘ड्रायव्हर डाउनलोड’ अशी बटणंही होती. बघणारा अजून काय तपासणार?

पुढची गोष्ट तुम्ही ऐकलेल्या सगळ्या गोष्टींसारखीच आहे, एक भाग सोडून. त्या माणसाने काम खरंच केलं.

“टेन्शन मत लीजिए सर” म्हणत त्याने मला लॅपटॉप फक्त दुसऱ्या राउटरला जोडायला लावला. ब्राउझरमध्ये पत्ता टाकून सेटिंग उघडायला सांगितलं. लॅन (घरातल्या नेटवर्कच्या) विभागात जाऊन १९२.१६८.१.१ चं १९२.१६८.१.२ केलं. मग डीएचसीपी, म्हणजे राउटरने उपकरणांना पत्ते वाटणं, बंद. मग केबल निळ्या वॅन (बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या) पोर्टातून काढून शेजारच्या पिवळ्या लॅन पोर्टात. राउटर बंद करून चालू केला आणि आतल्या खोलीत इंटरनेट सुरू. सगळं माझ्याच हातून, बोलून बोलून, न चिडता करून घेतलं. खऱ्या कंपनीच्या माणसानेही इतकं नीट समजावलं नसतं. ज्याने डोळ्यांदेखत काम करून दाखवलं, त्याच्यावर संशय घ्यायचा तरी कुठल्या आधारावर? ‘मला तर आवाजावरूनच कळलं असतं’ म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

जाता जाता सांगतो, दोन राउटर जोडणं म्हणजे एवढंच आहे. पहिला राउटर पत्ते वाटतो, दुसऱ्याने वाटायचे नाहीत. म्हणून दुसऱ्याचं डीएचसीपी बंद, पत्ता वेगळा, केबल लॅन ते लॅन. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखे ठेवले तरी चालतात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकाला चॅनेल १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या, म्हणजे ते एकमेकांवर ओरडणार नाहीत. केबल ओढायची नसेल तर डब्ल्यूडीएस किंवा रिपीटर (दोन राउटर वायफायनेच जोडणारं) सेटिंग वापरता येतं, पण त्यात वेग साधारण अर्ध्यावर येतो. यातल्या एकाही गोष्टीला लायसन्स लागत नाही, रजिस्ट्रेशन लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरात छापून राउटरच्या खोक्यावर चिकटवायला हवं.

कारण मला सांगितलं गेलं की लागतं.

आधी १,४९९ रुपये ‘दोन्ही डिव्हाइसचा सर्व्हिस चार्ज’. काम झालं होतं, म्हणून दिले. यूपीआयच्या स्क्रीनवर कंपनीचं नाव न येता एका माणसाचं नाव आलं. मी विचारलं, होय, विचारलं मी! तो म्हणाला, “हमारे अकाउंट्स मॅनेजर का नाम है सर, बिल मेल पर आ जाएगा.” आता वाटतं तिथेच फोन आपटायला हवा होता. पण आपण रोज जे पैसे पाठवतो, त्यातल्या निम्म्या वेळा दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि स्क्रीनवर दुसरंच असतं. त्याची सवय कोणी लावली?

मग खरा डाव. म्हणाला, “सर, आपका ब्रिज अभी टेम्पररी है, चौबीस घंटे में कट जाएगा.” ब्रिज म्हणजे ही दोन राउटरची जोडणी; ती कायम ठेवायची तर ‘ब्रिज रजिस्ट्रेशन’, फी फक्त दहा रुपये. शिवाय भीती घातली की तुमचा १९२.१६८.१.१ हा पत्ता अजून बऱ्याच ठिकाणी वापरला जातोय. इथे मी दातओठ खातो. वापरला जातोच! तो खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी आहे, १९९६ पासून तसं लिहून ठेवलेलं आहे, आणि जगातल्या असंख्य घरांत राउटरचा तोच पत्ता असतो. तो घराबाहेर जातच नाही. पत्त्याबद्दल तो माणूस एक शब्दही खोटा बोलला नाही, फक्त खरी गोष्ट घाबरवायच्या आवाजात सांगितली.

फोनवर ‘सिग्नल तपासण्यासाठी’ एक अ‍ॅप घ्यायला लावलं. अ‍ॅप फोनच्या अधिकृत स्टोअरमधलंच होतं, डाउनलोडचा आकडा मोठा, रेटिंग चांगलं. स्क्रीनवर आलेला नंबर त्याला वाचून दाखवला, ‘परवानगी द्या’ दाबलं. ते स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप होतं. मग दहा रुपयांचा फॉर्म: कार्ड नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. प्रत्येक खरेदीच्या साइटवर आपण हेच भरतो, त्यामुळे हात अडखळला नाही.

आणि मग तो क्षण, जो मी रात्री अंथरुणात उलटसुलट करून बघतो. फोनच्या वरच्या कडेला मेसेजची पट्टी सरकून खाली आली. पट्टीत दीड ओळ मावते. ओटीपीचे सहा आकडे दिसले, त्यापुढे बँकेचं नाव आणि पुढे तीन ठिपके. रक्कम त्या ठिपक्यांच्या पलीकडे होती. मी बोट न्यायला लागलो तर तो लगेच म्हणाला, “सर, मेसेज मत खोलिए, सेशन टूट जाएगा, सिस्टम अपने आप उठा लेगा.” मी बोट मागे घेतलं. मी मेसेज उघडणार आहे हे त्याला कसं कळलं? त्याला माझी स्क्रीन दिसत होती म्हणून! हा प्रश्न तेव्हा डोक्यात चमकून गेला होता. पण ‘मेसेज उघडू नका’ हे ‘ओटीपी सांगा’ यापेक्षा किती निरुपद्रवी वाटतं बघा. वर्षानुवर्षं आपल्या कानीकपाळी ओरडून सांगितलंय, ओटीपी सांगू नका. मी सांगितला नाही. कोणी तो माझ्याच फोनवरून वाचेल हे त्या घोषणेत कुठे होतं?

पहिला ४९,९९९ चा मेसेज आला तेव्हा तो म्हणाला, टेस्ट ट्रान्झॅक्शन आहे, उलटा फिरेल. दुसरा २४,९९९ चा आला तेव्हा मी फोन कापला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, बाकी लेख विसरलात तरी चालेल. फोन कापला म्हणजे स्क्रीन शेअर थांबत नाही. आधी फ्लाइट मोड लावा, वायफायही बंद झालंय ना बघा, आणि बँकेला दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून फोन करा. मला कोणी हे सांगितलं नव्हतं. मी त्याच फोनवरून बँकेला फोन लावला, ११ वाजून ३१ मिनिटांनी. भाषा निवडा. खातं की कार्ड, निवडा. मग नव्या कर्ज योजनेची जाहिरात ऐका. मग ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’. ते संगीत चालू असताना ११ वाजून ४७ मिनिटांनी ९,८०० गेले. बँकेच्याच रांगेत उभा असताना, कानाला बँकेचाच फोन असताना! माणूस फोनवर आला, कार्ड बंद झालं आणि तक्रार क्रमांक मिळाला तो ११ वाजून ५२ मिनिटांनी.

आता बँकेचं म्हणणं ऐका. ‘व्यवहार योग्य ओटीपीने झालेला असल्याने ग्राहकाची जबाबदारी.’ एका ओळीचं पत्र, खाली सहीसुद्धा नाही. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, मी ते अख्खं वाचलंय, शाखेतल्या मॅनेजरने वाचलेलं नव्हतं. त्यात लिहिलंय की चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर. मी म्हटलं, निदान ९,८०० तरी द्या, मी तुम्हाला फोन लावून सोळा मिनिटं झाली होती. उत्तर काय? “कळवलं म्हणजे तक्रार क्रमांक तयार झाला ती वेळ, सर.” म्हणजे माणूस फोनवर यायला जितका उशीर करतील तितकी माझी जबाबदारी वाढणार. स्क्रीन शेअरच्या या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. बँकेला आधीपासून माहीत, मला माहीत नाही, आणि दोष माझा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मात्र फोन उचलला गेला, हे लिहायलाच हवं. यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, कार्ड व्यवहारांचे तपशील, वेळा, सगळं विचारलं, पोच क्रमांक मेसेजवर आला. तुमचं असं काही झालं तर बँक लागत नसताना दुसऱ्या फोनवरून हा नंबर लावा. जितक्या लवकर कळवाल तितका पुढच्या खात्यात पैसा अडवला जाण्याचा संभव. माझ्या बाबतीत ‘अकाउंट्स मॅनेजर’च्या खात्यात ६१२ रुपये सापडले आणि ते गोठवले गेले. मला आनंद झाला होता. मग कळलं की ते ६१२ परत मिळवायला कोर्टाचा आदेश आणायचा.

पोलीस ठाण्यात वेगळाच खेळ. ठाणे अंमलदार म्हणाले, ऑनलाइन तक्रार केलीत ना, मग इथे कशाला? सायबर विभागात गेलो तर म्हणे रक्कम लहान आहे, आधी तुमच्या हद्दीच्या ठाण्यात नोंदवा. रक्कम लहान! परत ठाण्यात आलो तर, आयटी अ‍ॅक्टचा तपास इन्स्पेक्टरच्या खालचा माणूस करत नाही आणि साहेब बंदोबस्ताला गेलेत. हे तपासाचं कलम बरोबर आहे, पण नोंद करून घ्यायला साहेब कशाला हवेत? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची खबर घ्यावी लागते. आयटी अ‍ॅक्टचं कलम ६६ डी आणि भारतीय न्याय संहितेचं ३१८ (४), ही फसवणुकीची कलमं मी कागदावर लिहून नेली होती. अंमलदारांनी कागद बघितला, मला बघितलं आणि म्हणाले, “एवढं वाचता, मग फसलात कसे?” शेजारी पासपोर्टच्या कामाला आलेला मुलगा फिस्सकन हसला. शेवटी एफआयआरच्या ऐवजी साधा अर्ज घेतला आणि पोच म्हणून शिक्का मारून दिला. बँक म्हणते अर्जाची पोच चालत नाही, एफआयआरची प्रत आणा. ठाणं म्हणतं बँकेकडून लाभार्थ्याचा, म्हणजे ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचा, तपशील आणा, मग एफआयआर बघू. बँक म्हणते तपशील फक्त पोलिसांनाच देता येतो. या दोन खिडक्यांच्या मध्ये मी कॅरमच्या सोंगटीसारखा फिरतोय.

राउटरच्या खऱ्या कंपनीला मेल केला. उत्तर आलं, तो नंबर आमचा नाही, क्षमस्व. तो नंबर बंद करा, जाहिरात काढायला सांगा, यावर काही नाही. कस्टमर केअरचा नंबर सर्च करून कधीही घेऊ नका. खोक्यावर असतो, राउटरच्या तळाच्या स्टिकरवर कंपनीच्या साइटचा पत्ता असतो, तिथून घ्या.

राउटरकडेही बघा. माझ्याकडून त्याने मुख्य राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड ‘तात्पुरता’ म्हणून बदलून घेतला होता आणि रिमोट मॅनेजमेंट (घराबाहेरून राउटरची सेटिंग बदलता येण्याची सोय) चालू करून ठेवलं होतं. पैशांच्या गडबडीत हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. असं काही झालं असेल तर मागच्या बारीक भोकातलं रीसेट बटण टाचणीने दहाएक सेकंद दाबून धरा, सगळं नव्याने भरा, डीएनएसचे (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचे) रकाने तपासा. फोनमधलं ते अ‍ॅप काढाच. मेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. आणि लॉक असलेल्या किंवा नसलेल्या स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करून ठेवा.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही. मी ९,८०० चा मुद्दा वेगळा काढून तिथे टाकलाय. सोबत ११:३१ चा कॉल लॉग आणि ११:४७ चा मेसेज जोडलाय. असं कोणाचं झालं असेल तर कॉल लॉगचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या. फोन रीसेट करायच्या घाईत माझ्याकडून तो पुसलाच जाणार होता, भाच्याने अडवलं.