एम्बेडेडची नोकरी धरणाऱ्यांसाठी न्यूक्लिओ-एफ४४६आरई बोर्ड

सांगली-मिरजेकडील इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी प्रकल्पासाठी बहुधा आर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतात, आणि सुरुवातीला तो पुरतोही. परंतु ज्यांना पुढे एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्येच, म्हणजे यंत्रांच्या आतील चिपवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या क्षेत्रातच, नोकरी करायची आहे, त्यांनी एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कंपनीचा न्यूक्लिओ-एफ४४६आरई घ्यावा, असे पुण्यात वाहनांच्या कंट्रोलरचे फर्मवेअर लिहिणारा माणूस म्हणून मी आग्रहाने सांगेन.

उनोवरील चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते आणि तिची रॅम २ केबी असते. न्यूक्लिओवर १८० मेगाहर्ट्झपर्यंत चालणारा कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर, ५१२ केबी फ्लॅश आणि १२८ केबी रॅम मिळते. तरीही बोर्डाचे मोल वेगात नाही, ते त्यावरच बसवलेल्या एसटी-लिंक डीबगरमध्ये, म्हणजे चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून चिपच्या आत डोकावू देणाऱ्या साधनात आहे. सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या भाच्याने पीए५ (पोर्ट ए मधील पाचव्या क्रमांकाच्या) पिनवरील एलईडी लावण्यासाठी थेट रजिस्टरमध्ये, म्हणजे पिनचे नियंत्रण करणाऱ्या चिपमधील जागेत, लिहिले, तेव्हा एलईडी लागला नाही. प्रोग्राम त्या ओळीवर थांबवून पाहिल्यावर लिहिलेली किंमत रजिस्टरमध्ये उतरलीच नसल्याचे दिसले, कारण पोर्ट ए चे क्लॉक, म्हणजे त्या भागाला चालवणारा ठोका, सुरू केलेले नव्हते. उनोवर ‘पिनमोड’ ही तयार आज्ञा लिहिणाऱ्याला असा प्रश्न पडतच नाही. आमच्या कामाचा मोठा भाग मात्र अशाच शोधात जातो. इंटरप्टमध्ये (चालू काम मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) बदलणाऱ्या व्हेरिएबलला ‘व्होलाटाइल’ हा सी भाषेतील शब्द का लावायचा, हा मुलाखतीत हमखास विचारला जाणारा प्रश्नही येथे कंपायलरचे ऑप्टिमायझेशन (कोड आटोपशीर करणे) चालू-बंद करून, तयार झालेला असेम्ब्ली कोड (चिपच्या मूळ आज्ञा) समोर ठेवून समजून घेता येतो.

प्रोग्राम लिहिण्याचे एसटीएम३२क्यूबआयडीई हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, पण त्याच्या जोडीचे एसटीएम३२क्यूबएमएक्स बराचसा कोड आपणहून तयार करून देते. पहिले काही आठवडे ती सोय टाळून, चिपचे हजाराहून अधिक पानांचे रेफरन्स मॅन्युअल उघडे ठेवूनच शिकावे. फ्रीआरटीओएस ही एकाच वेळी अनेक कामे सांभाळणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम त्यानंतर घ्यावी.

उणीव एक आहे आणि वाहनक्षेत्रात जाणाऱ्यांना ती जाणवेल: चिपमध्ये कॅनचे, म्हणजे वाहनातील कंट्रोलर एकमेकांशी जोडणाऱ्या जाळ्याचे, दोन कंट्रोलर आहेत, पण त्यांचे संकेत तारांवर पाठवणारा-घेणारा कॅन ट्रान्सीव्हर बोर्डावर नाही. तो वेगळा घ्यावा लागतो, आणि कॅन बसच्या, म्हणजे त्या सामाईक तारांच्या, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावावे लागतात. शिवाय बोर्डाला मिनी-बी यूएसबी केबल लागते. ती हल्लीच्या मोबाइलच्या केबलींत सापडत नाही, म्हणून बोर्डाबरोबरच मागवावी.