डोंगरातली गोल्फ वसाहत : कोलोराडोमध्ये आमची फसवणूक कशी झाली

डेन्व्हरच्या दक्षिणेला आम्ही ज्या उपनगरात राहतो, ते हायलँड्स रँच मुळात गुरांच्या एका प्रचंड रँचवरच वसलेले आहे. १९८१ मध्ये तेथे पहिली कुटुंबे राहायला आली आणि आज वस्ती एक लाखाच्या पुढे गेली आहे. त्यामुळे जुन्या रँचच्या जमिनीवर घरे, तळी आणि गोल्फचे मैदान उभे राहणार असे कोणी सांगितले, तर आमच्या भागातल्या माणसाला त्यात वावगे काही वाटत नाही. विकणाऱ्यांनी ग्राहक म्हणून आमच्या भागातली कुटुंबे निवडली त्यामागे हेही एक कारण असावे.

योजना मध्य कोलोराडोतल्या एका डोंगरी काउंटीतली होती. सुमारे दोन हजार एकरांची रँच, समुद्रसपाटीपासून आठ हजार फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळपास दीडपट उंचीवर. मधून एक ओढा, त्याच्या दोन्ही काठांना वैरणीच्या गवताची कुरणे आणि मागे बर्फाची शिखरे. माहितीपत्रकात अठरा होलचे मैदान, क्लब हाउस, अर्ध्या एकराचे भूखंड आणि ‘रँचचा वारसा जपण्यासाठी’ राखून ठेवलेली हिरवी कुरणे व त्यांत चरणाऱ्या गाई असे सारे रंगीत चित्रांत मांडलेले होते. आमच्यापर्यंत ते आणणारे गृहस्थ मराठी कार्यक्रमांतून सर्वांना परिचित असलेले, वयाने ज्येष्ठ आणि बोलण्यात अतिशय मृदू होते. सगळे त्यांना ‘सर’ म्हणत. त्यांच्याकडे जमिनीच्या व्यवहाराचा परवाना नव्हता. राज्याच्या स्थावर मालमत्ता विभागाच्या संकेतस्थळावर नाव टाकले की परवाना आहे की नाही हे कोणालाही तपासता येते. ते स्वतःला केवळ ‘मार्गदर्शक’ म्हणवून घेत आणि कंपनीकडून दरडोई मोबदला घेत. ही दुसरी गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली.

आम्हाला दाखवलेल्या कागदांपैकी एकही कागद बनावट नव्हता, हे या प्रकरणात सर्वांत आधी लक्षात घेण्यासारखे आहे. नकाशा नामांकित आराखडाकाराने काढलेला होता, काउंटीकडे केलेला अर्ज खरा होता, पाणीहक्काचा हुकूमही खरा होता. फसवणूक होती ती या खऱ्या कागदांवरून आम्हाला काढायला लावलेल्या निष्कर्षांत.

कोलोराडोत जमिनीचे भूखंड पाडायचे असतील तर काउंटीकडे आधी ढोबळ आराखडा, मग प्राथमिक आराखडा आणि शेवटी अंतिम नकाशा, अशा पायऱ्या असतात. काउंटीच्या आयुक्तांनी अंतिम नकाशा मंजूर करून तो नोंदवला जाईपर्यंत भूखंड विकणे राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्रात बिगरशेती आदेश हाती नसताना शेतजमिनीत चुन्याच्या रेघा मारून प्लॉट विकणारे लोक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातला धोका वेगळा सांगायला नको. आमच्या योजनेला फक्त पहिल्या पायरीची मंजुरी होती. माहितीपत्रकात मात्र ‘काउंटीकडून मंजूर आराखडा’ एवढेच लिहिले होते आणि त्या वाक्यात शब्दशः खोटे काहीही नव्हते.

कोणी शंका काढलीच, तर तिच्यासाठीही उत्तर तयार होते. ‘अहो वहिनी, १९७२ च्या कायद्याप्रमाणे पस्तीस एकर आणि त्याहून मोठे तुकडे पाडायला काउंटीची परवानगीच लागत नाही, म्हणजे गोल्फ उद्या झाले नाही तरी तुमची जमीन कुठे जात नाही,’ असे सरांनी माझ्या पत्नीला सांगितले होते. कायदा खरोखरच तसा आहे. पण आम्हाला दाखवलेला भूखंड अर्ध्या एकराचा होता. पस्तीस एकरांची सवलत त्याला कशी लागू होणार, हा प्रश्न त्या बैठकीत कोणालाही विचारू न देण्याइतके सरांचे बोलणे ओघवते होते.

विक्रीला बंदी असल्यामुळे कंपनी विक्री करतच नव्हती, ‘आरक्षण’ घेत होती. पंचवीस हजार डॉलर भरायचे, रक्कम तिसऱ्या पक्षाच्या एस्क्रो खात्यात राहणार आणि मागाल तेव्हा पूर्ण परत मिळणार. एवढ्यावर थांबले असते तर कोणाचेही नुकसान झाले नसते. काही महिन्यांनी दुसरे पत्र आले. मैदानाच्या कडेचे भूखंड निवडण्याचा पहिला मान ‘संस्थापक सभासदां’ना मिळणार असून, आरक्षणाची रक्कम त्या सभासदत्वाकडे वळवण्यासाठी सोबतच्या अर्जावर सही करावी, असे त्यात होते. पत्राची भाषा अभिनंदनाची होती. सोबतच्या अर्जाच्या चौथ्या पानावर दोन वाक्ये होती. एकाने एस्क्रो खात्यातली रक्कम मोकळी करण्यास आमची संमती घेतली, आणि दुसऱ्याने ती रक्कम परत न मिळणारे क्लबचे प्रवेशशुल्क ठरवले. क्लब ही जमिनीच्या कंपनीपेक्षा वेगळी, नुकतीच नोंदवलेली कंपनी होती आणि तिच्या नावावर कसलीही मालमत्ता नव्हती. म्हणजे भूखंड निवडण्याचा मान मिळाला, पण निवडण्यासारखा भूखंड कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता, आणि पैसे मात्र सुरक्षित खात्यातून बाहेर पडले होते.

आता पाण्याविषयी. या सगळ्या प्रकरणाचे मर्म तेथे आहे आणि रँचची जमीन घेण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा भाग सावकाश वाचावा, अशी विनंती आहे.

पश्चिम अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांप्रमाणे कोलोराडोतही ओढ्याकाठी जमीन आहे म्हणून पाण्यावर हक्क मिळत नाही. ज्याने आधी पाणी वळवून उपयोगात आणले त्याचा हक्क आधी, असा नियम १८७६ च्या राज्यघटनेतच आहे आणि टंचाईच्या वर्षी नव्या हक्कदारांचे पाणी बंद करून जुन्यांना दिले जाते. आमच्या रँचचा हक्क १८८० च्या दशकातला होता आणि सर त्याचा उल्लेख एखाद्या वतनासारखा करीत. हक्क जुना होता हे खरेच. पण तो हक्क उन्हाळ्यात, ठरावीक पाटाने, ठरावीक कुरणांवर गवत भिजवण्यासाठी दिलेला होता. त्याच पाण्यावर घरे, क्लब हाउस आणि गोल्फचे मैदान चालवायचे तर वापर बदलण्यासाठी पाणी न्यायालयात जावे लागते. १९६९ च्या कायद्याने राज्याचे सात पाणी विभाग केले असून प्रत्येकाचे स्वतंत्र न्यायालय आहे.

या न्यायालयात पहिला प्रश्न विचारला जातो तो असा, की पाटातून घेतलेल्या पाण्यापैकी गवताने प्रत्यक्षात किती शोषले. उरलेले पाणी जमिनीतून झिरपून ओढ्यात परत जाते आणि खालच्या हक्कदारांचे पाणी तेच असते, म्हणून ते कोणालाही दुसरीकडे नेता येत नाही. नव्या वापरासाठी मिळतो तो फक्त गवताने शोषलेला भाग. कागदावर प्रति सेकंद अमुक घनफूट असा दिसणारा आकडा येथेच निम्म्याहून खाली येऊ शकतो. त्यानंतर हंगामाचा प्रश्न येतो, कारण हक्क उन्हाळ्याचा आणि घरांना पाणी बारमाही लागते. ते साठवायला तळे बांधावे तर साठवणुकीचा वेगळा हक्क लागतो, आणि त्या तळ्याच्या पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवनही ओढ्यातले नुकसान म्हणून भरून द्यावे लागते. चित्रातली निळीशार तळी पाहून भुललेल्या माणसाला ही कल्पना नसते, की त्यांतले प्रत्येक तळे पाण्याच्या हिशेबात खर्चाच्या बाजूला धरले जाते.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे, पाणी नव्या वापराला नेले की जुने कुरण कायमचे कोरडे ठेवावे लागते. न्यायालय तशी अट घालते. याचा अर्थ, माहितीपत्रकाच्या एकाच पानावर एका हक्काच्या पाण्याने भिजलेली वारशाची कुरणे आणि गोल्फचे मैदान अशी जी दोन्ही चित्रे होती, ती एकाच वेळी खरी होणे शक्यच नव्हते. आमच्यापैकी कोणालाही हे त्या वेळी ठाऊक नव्हते, पण माहितीपत्रक तयार करणाऱ्यांना ठाऊक असलेच पाहिजे, कारण त्यांच्याच पाणी अभियंत्याच्या अहवालात कोरड्या ठेवायच्या क्षेत्राचा तक्ता होता. तो अहवाल काउंटीच्या नियोजन कार्यालयात अर्जासोबत ठेवलेला होता आणि मागितल्यावर एका दिवसात मिळाला. पाणी न्यायालयात मात्र वापर बदलण्याचा अर्जच दाखल झालेला नव्हता. अशा अर्जांना खालचे हक्कदार हरकत घेतात आणि निकालाला वर्षे लागतात, तरीही दोन उन्हाळ्यांत मैदान सुरू होईल असे आश्वासन आम्हाला लेखी दिले गेले होते.

घरासाठी विहीर घेता येईल, असेही सांगितले गेले. पाण्याचे वाटप पूर्ण झालेल्या खोऱ्यांत लहान भूखंडावरच्या विहिरीला परवानगी मिळाली तरी ती बहुधा फक्त घरातल्या वापरापुरती असते. त्या पाण्याने अंगणातले गवत भिजवता येत नाही.

माहितीपत्रकासोबत मोंटानातल्या यलोस्टोन क्लबचे उदाहरण दिले होते, डोंगरातली खासगी वसाहत किती यशस्वी होऊ शकते हे पटवण्यासाठी. त्याच क्लबच्या नावावर २००५ मध्ये ३७.५ कोटी डॉलरचे कर्ज घेतले गेले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये त्याने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला, हे मात्र त्यात नव्हते. क्लब पुढे नव्या मालकांकडे सावरला हे खरे आहे. पण आयडाहोतल्या टॅमरॅक या स्की आणि गोल्फच्या वसाहतीतल्या अर्धवट इमारती कितीतरी वर्षे आवरणात गुंडाळून उभ्या होत्या. अशा प्रसंगी कर्ज देणाऱ्या बँकेचा बोजा आधी फेडला जातो, सभासदत्वाचे शुल्क भरणाऱ्यांचा क्रमांक फार मागे लागतो.

अर्जात मेट्रो डिस्ट्रिक्टचे एक कलमही होते. रस्ते आणि पाणीपुरवठा यांसाठी कोलोराडोत असे विशेष जिल्हे काढता येतात, ते रोखे विकून पैसे उभे करतात आणि ते कर्ज भावी घरमालकांच्या मालमत्ता करातून फिटते. कर्जाला मतदारांची संमती लागते. वस्ती नसलेल्या जागी हे मतदार कुठून येणार? तर विकासकाच्या ओळखीच्या मोजक्या माणसांना जमिनीचा चिमुकला तुकडा विकत घेण्याचा करार करून दिला जातो, त्यामुळे ती मतदानास पात्र ठरतात आणि तीच संचालकही होतात. हे कायदेशीर आहे आणि सर्रास चालते. आमच्या योजनेत गोष्ट तेथवर पोहोचलीच नाही.

ती पोहोचली नाही याचे कारण आम्हाला काउंटीच्या नोंदणी कार्यालयात कळले. सातबारा पाहावा तसा तेथे मालकीचा इतिहास कोणालाही पाहता येतो. रँच कंपनीच्या मालकीची कधीच नव्हती. ती आधीच्याच शेतकरी कुटुंबाच्या नावावर होती आणि कंपनीकडे फक्त ठरावीक मुदतीत ती विकत घेण्याचा पर्याय देणारा करार होता. त्या कराराचे हप्ते आमच्या पैशांतून गेले, असे आमच्या वकिलांचे मत आहे. मुदत संपली, कंपनीने ती वाढवली नाही आणि रँचच्या कुटुंबाने त्या उन्हाळ्यात नेहमीप्रमाणे गवत कापले. त्यांच्याशी बोलल्यावर असे जाणवले, की आपल्या कुरणावर किती लोकांनी भूखंड निवडले आहेत याची त्यांना गंधवार्ताही नव्हती.

पैशांचे काय झाले, तर कायद्याचा थोडा आधार मिळाला. आंतरराज्य जमीन विक्रीविषयीच्या १९६८ च्या संघीय कायद्यानुसार शंभर किंवा अधिक भूखंडांच्या योजनेची नोंदणी करून खरेदीदाराला मालमत्तेचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो न दिल्यास खरेदीदाराला दोन वर्षांपर्यंत करार रद्द करता येतो. आमच्या योजनेचा ‘पहिला टप्पा’ मुद्दाम नव्याण्णव भूखंडांचा होता. पण एकाच जाहिरातीखाली विकल्या जाणाऱ्या टप्प्यांची बेरीज करूनच भूखंड मोजायचे असतात, असा मुद्दा आमच्या वकिलांनी मांडला. त्यानंतर कंपनीने काही कुटुंबांना रकमेचा काही भाग परत केला. ज्यांनी सभासदत्वाच्या अर्जावर सही केली नव्हती, त्यांची रक्कम एस्क्रो खात्यातून पूर्ण परत आली. बाकीच्यांचे दावे चालू आहेत आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे ग्राहक संरक्षणाची तक्रारही दाखल आहे.

हे आता लिहिण्याचे कारण असे, की तोच आराखडा, तीच तळी आणि तीच चरणारी गुरे घेऊन एक नवे माहितीपत्रक टेक्सास आणि न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांकडे फिरत आहे. कंपनीचे नाव वेगळे आहे, डोंगर दुसऱ्या काउंटीतला आहे, पाणी या वेळी १८९० च्या दशकातले आहे आणि पहिल्या टप्प्यातल्या भूखंडांची संख्या पुन्हा नव्याण्णवच आहे. ते हाती आल्यास अंतिम नकाशाचा नोंदणी क्रमांक, जमिनीच्या सध्याच्या मालकाचे नाव आणि पाणी न्यायालयातला प्रकरण क्रमांक या तीन गोष्टी लेखी मागाव्यात. एस्क्रो खात्याचा उल्लेख असलेल्या कोणत्याही दुसऱ्या अर्जावर, तो अभिनंदनाच्या पत्रासोबत आला असला तरी, आपल्या वकिलाने वाचल्याशिवाय सही करू नये.