फाउंडेशनचा निधी की गावची वर्गणी?

कर्नाटकातल्या खानापूरची (जि. बेळगाव) काही पोरं माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देणारं मंडळ काढतायत. पैशासाठी लोकशाही आणि नागरी हक्कांना मदत करणाऱ्या परदेशी फाउंडेशनकडे जावं की वर्गणी काढावी, यावर त्यांचं अडलंय.

खरा फरक कागदपत्रांत आहे. परदेशी पैशाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, आणि त्यासाठी साधारणपणे संस्था ३ वर्षं जुनी हवी, त्या काळात कामावर १५ लाख खर्च झालेला हवा. २०२०च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत येतो, प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि हा पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेच्या आडून मिळण्याची वाटही बंद.

वर्गणीला पावतीपुस्तक आणि चोख हिशेब पुरतो. अर्जाची फी १० रुपये. (कायद्याने इथला अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीतच, तेव्हा कन्नड लिहिणारा आधी शोधा.) मात्र गणपतीच्या दिवसांत दुकानदार दुसरी पावती फाडू देत नाही, आणि मोठी रक्कम देणारा पुढारी सल्लेही देतो.

जुनी नोंदणी, पगारी माणसं, कोर्टकचेरी असेल तर फाउंडेशन. या पोरांना एक टेबल आणि झेरॉक्सचा खर्च हवाय. त्यांनी वर्गणीच काढावी.